पांढऱ्या शाईची बाजू

कापडावर थेट छापणारे यंत्र, म्हणजे डीटीजी, छोट्या व्यावसायिकाने घेऊ नये, हे मत छपाईच्या बाजारात आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. टी-शर्टच्या धंद्यात उतरू पाहणारा एखादा तरुण चार ठिकाणी चौकशी करतो आणि चारही ठिकाणी त्याला एकच सल्ला मिळतो : ‘डीटीजीच्या नादी लागू नकोस, डीटीएफ घे.’ सल्ला देणारे अडाणी नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी स्वतःचे हात पोळून घेतले आहेत, कर्जाचे हप्ते भरले आहेत आणि शेवटी ते यंत्र गाळ्याच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवले आहे. त्यामुळे त्यांचे म्हणणे झटकून टाकण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण ते तपासण्याचा अधिकार सर्वांना आहे. मी हे यंत्र रोज सकाळी स्वतः सुरू करतो. त्याचे दोष मला माहीत आहेत, आणि ज्या दोषांसाठी त्याला शिक्षा झाली आहे त्यांतले बरेचसे त्याचे नाहीत, हेही माहीत आहे. त्या यंत्राच्या वतीने मी इथे उभा आहे. निकाल वाचकांनी द्यायचा आहे.

यंत्राची रीत आधी थोडक्यात सांगतो. तत्त्व इंकजेट प्रिंटरचेच आहे. टी-शर्ट पाट्यावर सुरकुती न ठेवता बसवायचा; वरून हेड फिरते आणि पाण्यात मिसळलेल्या रंगकणांची शाई सुती धाग्यावर सोडते. कापड गडद असेल तर आधी प्री-ट्रीटमेंटचे द्रावण फवारून वाळवावे लागते. त्यावर पांढरा थर, त्यावर रंग आणि शेवटी उष्णतेने शाई पक्की करायची. यात ना स्क्रीन, ना फिल्म. संगणकावरचे चित्र थेट कापडावर उतरते.

आता पूर्वपक्ष. तो प्रतिपक्षाला स्वतःचा वाटेल असाच मांडला पाहिजे, नाही तर खंडनाला अर्थ उरत नाही. आक्षेप पाच आहेत. पहिला, पांढरी शाई हेडमध्ये बसते, नोझल बंद पडतात, आणि हेड बदलणे म्हणजे धंद्याचा कणा मोडणे. दुसरा, डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून चित्र कापडावर उतरवण्याची पद्धत, आल्यावर डीटीजीची गरजच संपली. ते कुठल्याही कापडावर चालते आणि त्याला प्री-ट्रीटमेंट लागत नाही. तिसरा, दर नगाचा खर्च स्क्रीन प्रिंटिंगच्या कितीतरी वर जातो. चौथा, छपाई धुण्यात टिकत नाही. पाचवा, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार : लागेल तेव्हा बाहेरून जॉबवर्क करून मिळत असताना स्वतःचे यंत्र घेऊन हत्ती कशाला पोसायचा?

क्रमाने पाहू.

पहिल्या आक्षेपातली घटना खरी आहे. पांढरी शाई तळाशी बसते. प्रश्न असा, की का बसते? पांढरेपणा येतो टायटेनियम डायऑक्साइडच्या कणांमुळे. या पदार्थाची घनता पाण्याच्या सुमारे चौपट. शिवाय काळे कापड झाकायचे तर कणाने प्रकाश विखुरला पाहिजे, आणि ते काम सर्वांत चांगले होते कणाचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मा असताना. म्हणजे कण बारीक करून सुटका नाही. फार बारीक केला तर पांढरेपणाच जातो. जॉर्ज स्टोक्सने 1851 मध्ये मांडलेला नियम सांगतो, की द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे आणि घनतेतल्या फरकाप्रमाणे वाढतो. पांढरा कण रंगीत कणांहून मोठाही आहे आणि जडही. तो खाली बसणारच. हा कारखान्यातला दोष नव्हे. तो पांढऱ्या रंगाचा धर्म आहे. ताक ठेवले की वर निवळी येते आणि खाली दाट भाग बसतो. म्हणून कुणी ताक टाकून देत नाही. पिण्याआधी ढवळून घेतात.

हे ढवळणे यंत्राच्या बाबतीत कसे होते? चांगल्या यंत्रांत पांढरी शाई नळ्यांतून फिरती ठेवण्याची सोय असते. उरलेले काम माणसाचे. माझ्याकडे रोज सकाळी पांढऱ्या शाईचे कार्ट्रिज हलवले जाते, हेड झाकणाऱ्या कॅपिंगच्या रबरी कडेवरची वाळलेली शाई ओल्या स्वॅबने पुसली जाते, वायपर साफ होतो आणि मग नोझल चेक. काळ्या कागदावर पांढऱ्या बारीक रेघांची जाळी उमटते. एखादी रेघ तुटली असेल तर क्लीनिंग देऊन पुन्हा जाळी काढायची. या सगळ्याला वीस मिनिटे लागतात. चार दिवस यंत्र बंद ठेवून पाचव्या दिवशी एकदम काळ्या टी-शर्टवर छापायला घेणाऱ्याला मात्र वीस मिनिटे पुरत नाहीत. मग क्लीनिंगवर क्लीनिंग होते, वेस्ट टँकमध्ये महागडी शाई ओतली जाते आणि शेवटी हेडला दोष लागतो. दोषी कोण?

या आक्षेपाला एक इतिहासही आहे. डीटीजीचे पहिले व्यापारी यंत्र, अमेरिकेतले ‘रेव्होल्यूशन’, 1996 मध्ये आले. ब्रदरचे जीटी-541 आले 2005 मध्ये, आणि त्यात पांढरी शाई नव्हतीच. एप्सनने खास या कामासाठी बांधलेले एफ2000 हे यंत्र 2013 मध्ये आणले. या प्रवासाच्या आजूबाजूला एक वेगळाच बाजार वाढला : कागदावर फोटो छापणारे ए3 प्रिंटर उघडायचे, कागदाच्या जागी पाटा बसवायचा, कार्ट्रिजमध्ये पांढरी शाई भरायची आणि ‘स्वस्त डीटीजी’ म्हणून विकायचे. त्या प्रिंटरचे हेड, पंप, कॅपिंग यांतले काहीही जड शाईसाठी घडवलेले नव्हते. ते बंद पडले यात नवल नाही. पण त्यांच्या अनुभवावरून सगळ्या डीटीजीला दोषी ठरवायचे? शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरे. पण शीत त्याच भाताचे असावे लागते.

दुसरा आक्षेप डीटीएफचा. इथे प्रतिपक्षाच्या दोन आक्षेपांत उघड विरोध आहे, आणि तो वाचकांनी नीट पाहावा. डीटीएफमध्ये चित्र आधी फिल्मवर छापतात. आधी रंग, त्यावर पांढरा थर. ओल्या शाईवर चिकट भुकटी पसरतात, ती भाजून वितळवतात आणि मग हीट प्रेसने चित्र कापडावर उतरवतात. त्या पांढऱ्या थरात कोणता रंगकण असतो? तोच टायटेनियम डायऑक्साइड. त्याच इंकजेट हेडमधून, त्याच बसण्याच्या धर्मासह. उलट डीटीजीवर पांढरा किंवा फिकट टी-शर्ट छापताना पांढरी शाई लागतच नाही, आणि डीटीएफला मात्र जवळजवळ प्रत्येक चित्रासाठी लागते. मग पांढरी शाई बसते म्हणून डीटीजी सोडा आणि पांढऱ्या शाईवरच उभे असलेले डीटीएफ घ्या, हे कोणते तर्कशास्त्र? पहिला आक्षेप खरा मानला तर दुसरा सल्ला चुकतो. दुसरा सल्ला मानायचा तर पहिला आक्षेप मागे घ्यावा लागतो. दोन्ही एकत्र उभे राहू शकत नाहीत.

डीटीएफचे श्रेय मी नाकारत नाही. पॉलिस्टर, नायलॉन, टोपी, पिशवी, खिशावरचा छोटा लोगो, बाहीवरचे नाव या कामांत ते डीटीजीच्या पुढे आहे. फिल्म आधी छापून ठेवता येते, ही सोयही मोठी आहे. माझा आक्षेप ‘गरज संपली’ या शब्दांना आहे. डीटीएफचे चित्र कापडावर बसते. डीटीजीचे चित्र धाग्यात मुरते. छातीभर मोठे चित्र असेल तर हा फरक अंगाला कळतो. चिकट थराचा सलग पट्टा घाम जाऊ देत नाही. मे महिन्यात रत्नागिरीत किंवा मुंबईच्या लोकलमध्ये तसा टी-शर्ट दिवसभर घालणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा फरक डोळ्यांना दिसतो. मागे एका चित्रकलेच्या विद्यार्थिनीने जलरंगातला गड आणला होता. तळाशी गडद कातळ, वर धुके, आणि धुके विरत विरत कोऱ्या कागदात मिसळलेले. तिच्या ट्रेकच्या गटासाठी सात टी-शर्ट हवे होते, फिकट राखाडी रंगाचे. आम्ही आधी ते फिल्मवर काढून पाहिले. जिथे धुके विरळ होत गेले होते तिथे भुकटी धरायला पुरेशी शाईच नव्हती. काही ठिपके गळाले, आणि जे टिकले त्यांना पांढरट कड आली. धुक्याला किनार आली. तेच चित्र डीटीजीवर थेट छापले, तेव्हा राखाडी कापड स्वतःच धुके झाले. रंग कुठे संपला आणि कापड कुठे सुरू झाले ते बोट फिरवूनही कळेना. ती मुलगी टी-शर्ट हातात घेऊन बराच वेळ त्याच जागेवरून अंगठा फिरवत होती. ज्या कामाची अशी गरज आहे ते काम संपलेले नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. इथे भावना नको, हिशेब हवा. पुढचे आकडे उदाहरणापुरते मानलेले आहेत. वाचकाने आपल्या गावचे, आपल्या दराचे आकडे घालावेत. समजा, चार रंगांचे चित्र आहे. स्क्रीनसाठी प्रत्येक रंगाची फिल्म, फ्रेमचे कोटिंग, एक्स्पोझिंग आणि जुळवणी मिळून 400 रुपये, म्हणजे चार रंगांचे 1,600. त्यानंतर दर नगाला शाई-मजुरी 30 रुपये. डीटीजीला पूर्वतयारीचा खर्च शून्य, पण दर नगाला 110 रुपये. पाच टी-शर्ट छापायचे तर स्क्रीनवर एक 350 रुपयांना पडतो, डीटीजीवर 110 ला. दोनशे छापायचे तर स्क्रीनवर 38 ला, डीटीजीवर तेच 110. दोन्ही रेषा बरोबर वीस नगांवर एकमेकींना छेदतात.

म्हणजे डीटीजी महाग आहे की स्वस्त? प्रश्नच अपुरा आहे. किती नगांसाठी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. गणेश मंडळाच्या दोन रंगांतल्या तीनशे टी-शर्टांची ऑर्डर डीटीजीवर घेणारा तोट्यात जाईल, आणि गेलाच पाहिजे. वाढदिवसाचा एक टी-शर्ट, आजोबांच्या पंचाहत्तरीचे आठ, नाटकाच्या चमूचे चौदा यांसाठी स्क्रीन बनवणाराही तोट्यात जाईल. शिवाय काळ्या कापडावर छायाचित्र उतरवायचे तर स्क्रीनवाल्याला चार रंग पुरत नाहीत. सहा-आठ स्क्रीन लागतात आणि छेदबिंदू आणखी पुढे सरकतो. मंडळाच्या ऑर्डरचा दर वाढदिवसाच्या ऑर्डरला लावून डीटीजीला महाग ठरवणे हा हिशेब नव्हे.

चौथा आक्षेप टिकाऊपणाचा. इथे मी माझीच एक चूक साक्षीला आणतो. एका पावसाळ्यात माझ्याकडून गेलेले बारा काळे टी-शर्ट तिसऱ्या धुण्यानंतर परत आले. चित्र फिके पडले होते, मधूनमधून चिरा गेल्या होत्या. मला पहिल्यांदा शाईचाच संशय आला. मग हीट प्रेस तपासला. त्याचा पडदा 165 अंश दाखवत होता. तापमान दाखवणाऱ्या पट्ट्या चिकटवून पाहिल्या तेव्हा मधोमध 165 होते, पण पुढच्या डाव्या कोपऱ्यात 140 च्या पुढे आकडा जाईना. चिरा नेमक्या त्याच बाजूला होत्या.

दुसरे कारण कापडात होते. सुती धागा हवेतला ओलावा धरून ठेवतो. वस्त्रशास्त्रात कापसाचा हा प्रमाणित ओलावा कोरड्या वजनाच्या 8.5 टक्के मानतात, म्हणजे 200 ग्रॅमच्या टी-शर्टात साधारण 16 ग्रॅम पाणी. आषाढात, दमट गाळ्यात ते याहून जास्त असते. प्रेसची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते, आणि शाईतल्या बाइंडरला धाग्याशी घट्ट बांधायला वेळ अपुरा पडतो. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक टी-शर्ट द्रावण फवारण्याआधी काही सेकंद प्रेसखाली दाबून कोरडा केला जातो, आणि प्रेसचे चारही कोपरे ठरावीक दिवसांनी मोजले जातात. तसे बारा टी-शर्ट पुन्हा परत आले नाहीत.

यावर कुणी म्हणेल, की एवढी दक्षता लागते हाच दोष. मग विचारतो : स्क्रीनची प्लास्टिसोल शाई पुरेशी न भाजता धुतली तर टिकते का? डीटीएफची भुकटी नीट वितळली नाही तर कडा सुटत नाहीत का? रंग किती टिकला हे मोजायला वस्त्रोद्योगात 1 ते 5 अशी करड्या पट्टीची श्रेणी आहे. 5 म्हणजे बदल नाही, 1 म्हणजे पार उतरलेला. कोणत्याही पद्धतीचा नमुना त्या पट्टीशी लावून पाहता येतो. घरच्या घरीही एक टी-शर्ट दहा वेळा धुवावा आणि न धुतलेल्या जोडीदाराशेजारी ठेवावा. कच्ची भाजलेली पोळी खाऊन गव्हाला नावे ठेवता येत नाहीत.

कापडाचाही इथे वाटा आहे. तिरुपूरहून येणारे कोरे टी-शर्ट सगळे सारखे नसतात. कोंब्ड सुताचा, बायोवॉश केलेला टी-शर्ट घेतला तर वरची लव निघालेली असते आणि शाई सपाट बसते. हाताला मऊ लागावा म्हणून सिलिकॉन सॉफ्टनर जास्त मारलेल्या मालावर द्रावण धरत नाही. पॉलिस्टरमिश्रित लाल कापडावर पांढरा छापला तर उष्णतेने कापडातलाच रंग वर येऊन पांढऱ्याचा गुलाबी होतो. स्वस्त म्हणून असे कापड उचलायचे आणि डाग यंत्रावर लावायचा, हे न्यायाचे नाही.

पाचवा आक्षेप उरला : स्वतःचे यंत्र कशाला? यातला अर्धा भाग मी मान्य करतो. समजा, यंत्र 12 लाखांचे आहे आणि पाच वर्षांत वसूल करायचे आहे. व्याज सोडले तरी महिन्याला 20,000 रुपये झाले. महिन्याचे 25 दिवस रोज 10 टी-शर्ट निघाले तर प्रत्येकावर यंत्राचा भार 80 रुपये. रोज 40 निघाले तर 20 रुपये. सकाळच्या त्या वीस मिनिटांचा आणि क्लीनिंगच्या शाईचा खर्च दहालाही तेवढाच आणि चाळीसलाही तेवढाच. म्हणून ज्याच्याकडे आठवड्याला तीनच टी-शर्टांचे काम आहे त्याने यंत्र घेऊ नये. त्याने जॉबवर्कच करावे. या मुद्द्यावर प्रतिपक्ष आणि मी एकाच बाजूला आहोत.

पण प्रतिपक्ष इथे थांबत नाही. ‘आज घेऊ नये’ यावरून तो ‘कधीच घेऊ नये’ इथवर उडी मारतो, आणि ती उडी मला मान्य नाही. जॉबवर्क म्हणजे दुसऱ्याच्या रांगेत आपले काम. ग्राहकाला सकाळी हवा असलेला एकच टी-शर्ट त्या रांगेत शेवटी लागतो. रंग थोडा सावळा आला तर पुन्हा काढून बघता येत नाही. एक-दोन नगांच्या ऑर्डरमध्ये ग्राहक पैसे देतो ते याच गोष्टींचे : वेळेचे आणि नजरेचे. त्या दोन्ही आपल्या हातात नसतील तर आपल्या हातात काय उरते?

म्हणून माझे मंडन असे आहे. यंत्र घ्यावे की नाही हे विक्रेत्याला विचारू नये, मला विचारू नये, आणि डीटीजीला मेलेले म्हणणाऱ्यालाही विचारू नये. एक वही घालावी. सहा महिने जॉबवर्कवर धंदा करावा आणि रोज लिहावे : किती नग आले, किती सुती, किती वीसच्या आतले, किती छायाचित्राचे, किती गडद कापडावरचे, आणि किती ऑर्डरी वेळेअभावी सोडल्या. रोजचा आकडा यंत्राचा भार पेलू लागला, आणि कामाचा मोठा भाग सुती, थोड्या नगांचा, बारीक छटांचा असेल, तर यंत्र घ्यावे. वहीत मंडळांची मोठी कामे भरली असतील तर स्क्रीनचे टेबल घ्यावे. जर्सी भरल्या असतील तर सब्लिमेशन घ्यावे. यंत्र किमतीवरून निवडायचे नसते. कामावरून निवडायचे असते.

घ्यायचे ठरले, तरी सही करण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. दुरुस्तीचा माणूस कोणत्या शहरातून येतो? हेड वॉरंटीत आहे का, आणि कोणत्या कारणाने वॉरंटी तुटते? शाई नियमित मिळते का, आणि तिच्यावरची मुदत किती? नमुना त्यांच्या चकचकीत चित्राचा घेऊ नये. आपले सर्वांत अवघड चित्र, आपल्याच काळ्या टी-शर्टवर, आपल्यासमोर छापून घ्यावे आणि घरी नेऊन धुवावे. जागेचाही विचार हवा. हवा फार कोरडी असेल तर नोझलच्या तोंडाशी शाई सुकते. विदर्भातल्या उन्हाळ्यात ह्युमिडिफायरशिवाय हे यंत्र चालवणे म्हणजे हेडचा बळी देणे. आणि यूपीएस हवाच. छपाई चालू असताना वीज गेली की हेड पाट्यावर उघडेच राहते, कॅपिंगवर परतत नाही, आणि तासाभरात जे वाळते ते आठवडाभर निघत नाही. यंत्रावर लाखो रुपये घालणाऱ्याने इथे हात आखडू नये.

पाच आक्षेप झाले. पहिल्यातली शाई खरोखर बसते; ती रोज ढवळणाऱ्याच्या यंत्रात टिकते. दुसरा पहिल्याशी भांडतो. तिसरा नग मोजायला विसरतो. चौथा प्रेसचे आणि कापडाचे पाप शाईच्या माथी मारतो. पाचवा अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्या सत्यासाठी मी प्रतिपक्षाचा ऋणी आहे, कारण वही घालण्याची शिस्त त्यातूनच येते.

आता निकाल वाचकांचा. तो देण्याआधी ज्याचे डीटीजी नीट चालते अशा एखाद्या गाळ्यात सकाळी शटर उघडताना जावे, आणि ज्याचे बंद पडले आहे अशाही गाळ्यात जावे. दोन्हीकडे एकच गोष्ट मागावी : गेल्या महिन्यातले नोझल चेकचे कागद. पहिल्याकडे तारखा घातलेली काळ्या कागदांची चळत निघेल, कुठे एखादी रेघ तुटलेली आणि खालच्या कागदावर ती पुन्हा जुळलेली. दुसऱ्याकडे तशी चळत मिळाली आणि तरीही यंत्र मेलेले असले, तर माझी बाजू हरली असे मी समजेन.